जाळलेली जागा स्वच्छ होती

प्रिय आक्का,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. पंगत उठली आणि तुझी लेक पूजा सगळ्यांदेखत दाजींना म्हणाली, "बाबा, तुम्ही सोपं ते निवडलंत. ऑपरेशन केलं असतं तर आई आज असती." दाजी हातातलं भांडं खाली ठेवून बाहेर निघून गेले. म्हणून तुला लिहायला बसले.

असं का गं केलंस? नवऱ्याला गप्प राहायची शपथ घालून गेलीस!

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्षं लोटली होती. तळवड्यातली तुझी खानावळ जोरात होती. आणि फुप्फुसात दोन बारीक गाठी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून काढता येतील, नाहीतर छाती न उघडता सुईनं जाळता येतील. तुमच्या बाबतीत दोन्ही चालेल."

"ऑपरेशनच करा," हे दाजी म्हणाले होते. सुईचा हट्ट तुझा! "मला पडून ऱ्हायचं नाही. शिफ्टची पोरं माझ्या जेवणावर हायेत."

पाठीला चिकटपट्टी लावून घरी आलीस आणि आल्या आल्या माझ्या जाड चपात्यांना नावं ठेवलीस. "एवढंसं भोक, शैले! रोग तरी केवढा असणार?" आपण सगळेच हसलो. जखम लहान, म्हणून दुखणंही लहानच वाटलं.

मग खोकला आला. "फोडणीचा ठसका हाय," म्हणायचीस. तपासणीची तारीख आली, तर पूजाची परीक्षा होऊ दे म्हणालीस. दाजी चाकणहून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून तुला न्यायला आले. तू पदर खोचून कणीक मळत बसलीस. किती विनवलं त्यांनी!

शेवटी गेलो तेव्हा डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. "जाळलेली जागा स्वच्छ आहे. या नव्या गाठी आहेत, दोन्हीकडे पसरल्यात. आता सुईनं भागणार नाही."

बाहेरच्या बाकावर तू आमचे हात धरलेस. "यातलं काही पूजाला सांगू नका, माझी शपथ हाय. तिच्या परीक्षेपायी मी थांबले, असं तिला वाटंल." दाजींनी मान हलवली.

लवकर गेलो असतो तर तू वाचली असतीस? मी डॉक्टरांना एकटीनं विचारलं होतं. "सांगता येत नाही," म्हणाले. बस्स, एवढंच. नुसतं 'नाही' म्हणाले असते तर बरं झालं असतं गं.

आज दाजी डबा न घेताच कामाला गेले. पूजा ताथवड्याला हॉस्टेलवर परतली, त्यांचा फोन उचलत नाही.

आक्का, उद्या मी तिच्याकडे जाणार आहे. तुझा शब्द मोडणार आहे. सुई कुणी निवडली ते सांगेन, ठसक्याचं सांगेन, जाळलेल्या जागेचं डॉक्टर काय म्हणाले तेही सांगेन. परीक्षेचं तेवढं माझ्यापाशीच राहील, हे वचन.

पोरगी तुझ्यावर चिडेल. चिडू दे. तू सोसशील. दाजींना आता सोसवत नाही.

तुझी,
शैला