आठवीचं गप वर्ष

मंगळवार, मे महिना. कमलनगर, सीमाभाग.

राग अजून उतरत नाही. शाळेचं एक वर्ष वाढलं की कमाई किती वाढते, हे मोजायला बेंगळुरूहून आलेल्या संशोधकाचा मी आज दुभाष्या होतो. डाळ मिलमध्ये सुनंदा भेटली. सातवीपर्यंत मराठी शाळा; पुढं मराठी वर्गच नाही, म्हणून आठवी कन्नडमधून.

"वर्षभर गप बसले, अण्णा. सर काय बोलायलेत, काई कळंना. हजेरीपुरतं तोंड उघडायचं."

शेजारी डाळ निवडणारी धाकटी बहीण सातवीतच घरी बसलेली. ती हसली, "अक्का आठवी शिकली, म्हणून तिला खडे जास्त दिसायलेत व्हय?" मजुरी दोघींची सारखीच.

मी हे कन्नडमध्ये सांगितलं. साहेब म्हणाले, "वर्ष ते वर्षच. सरासरीत बसेल."

गप बसलेलं वर्षही?

निघताना सुनंदानं विचारलं, "माझी पोरगी आता आठवीला जायलीय. तिलाबी गप बसवू का?"

तेही सांगितलं. साहेब खूश. "म्हणजे पोरगी शिकणार!"

"उत्तर तुम्हीच द्या," मी म्हणालो, "मराठीत."

ते गप उभे राहिले. मी एक शब्द पुरवला नाही. पण सुनंदाही उत्तराविनाच राहिली. जून तोंडावर आलाय.