नाकावरचं खवलं

३ मार्च

नाकाच्या शेंड्यावरचं ते खवलं परत आलं! तीनदा नखानं काढलं, तीनदा आलं. दिसत फारसं नाही, बोट फिरवलं की लागतं — पॉलिश पेपरसारखं. कपाळावरही दोन आहेत.

९ मार्च

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. भिंगातून पाहिलं. "काम काय करता?" पोहायला शिकवते, म्हटलं. उघड्या तलावावर, एकतीस वर्षं.

"टोपी?"

कधीच घातली नाही, म्हटलं.

उन्हानं झालेले डाग. सहा निघाले. "कॅन्सर नाही हा. पण तसेच सोडले तर त्यातल्या एखाद्याचा होऊ शकतो. कुठल्याचा, ते आधी सांगता येत नाही." मलम दिलंय. दोन वेळा, चार आठवडे. चेहरा आधी बिघडेल, मग सुधारेल म्हणे.

२० मार्च

बिघडला! लालबुंद, खपल्या, नुसती चुरचुर. आरशाकडे पाठ करून दात घासते.

लहान गटातली एक चिमुरडी म्हणाली, "मॅडम, तोंडावर पडलात?" हो म्हटलं. तेवढ्यात एका आईनं आपल्या मुलीला पाण्याबाहेर बोलावलं. "लागण होणारं तर नाही ना काही?" तळपायाची आग मस्तकात गेली. पण शिकवणं थांबवलं, सगळ्या पालकांना बाकावर बसवलं आणि सांगून टाकलं — काय झालंय, कशानं झालंय. त्याच बाईनं मग विचारलं, "सकाळचा वर्ग आणखी लवकर घेता येईल का?"

उद्यापासून साडेसहाला.

२८ मार्च

डॉक्टरीणबाई आज म्हणाल्या, "घरात आणखी कोणी असं गोरं, घाऱ्या डोळ्यांचं?"

आहे की! धाकटा भाऊ. धक्क्यावर होड्या रंगवतो, भर उन्हात, बनियनवर. फोन केला तर म्हणतो, "ताई, मी काय नवरी आहे चेहरा जपायला?" मग भावजयीला सांगितलं. ती म्हणाली, "आणते ओढून."

१० एप्रिल

आणलं! हातांवर माझ्यासारखेच डाग, ते अतिथंड फवारा मारून गोठवून टाकले. खालच्या ओठावर मात्र एक जाड चट्टा. तो म्हणे, रंगाचा ब्रश दातांत धरतो, त्याचा घट्टा. डॉक्टरीणबाईंनी बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला.

जिना उतरताना ओठावर कापूस धरून याची बडबड चालूच.

१९ एप्रिल

खपल्या गळल्या. खाली गुलाबी, मऊ कातडी. सहाही डाग गेले! आज स्वतःचा चेहरा नीट धुतला. बरं वाटलं.

२१ एप्रिल

भावाचा रिपोर्ट आला. ओठाचा कॅन्सर. छोटा आहे, वेळेत सापडला, कापून निघेल, म्हणाल्या. दवाखान्याच्या पायरीवर त्यानं माझा हात धरला — लहानपणी मी त्याला पहिल्यांदा पाण्यात उतरवलं होतं तेव्हा धरला होता, तसा.

सोमवारी ऑपरेशन. मी रजा टाकलीय.