मागची दोन पानं

बाई, तुमच्या इंग्रजीच्या गाइडची मागची दोन पानं, उत्तरांची, मी फाडली होती. इंद्रलोक वसाहतीतल्या तुमच्या घराच्या हॉलमध्ये आम्ही सात-आठ जण भरतीच्या परीक्षेची तयारी करायचो. मी नववीतून शाळा सोडलेला, हाटकेश भागातल्या एका कारखान्याच्या गाळ्यात पॅकिंगचं काम करून यायचो. "तुझं बूड काही टेकत नाही एका जागी," तुम्ही म्हणायचात. चार वाक्यांतलं बरोबर कुठलं ते मला कळेना, तर तुम्ही स्वयंपाकघरातून तीन पुडांचा डबा आणलात. "एका वाक्यात तीन कामं सांगायची तर तिन्ही क्रियापदं एका मापाची, एकाच रूपातली हवीत. मधलंच पूड मोठं घेतलंस तर डबा लागेल का?" इंग्रजी वाक्प्रचारांना मी "असंच का?" विचारलं की चिडायचात. "आई म्हणते ना, डोकं खाऊ नकोस? तू काय चावून खातोस? तसंच म्हणतात, बस!"

पानं फाडली त्या आठवड्याच्या चाचणीत मला वीसपैकी वीस. तुम्ही माझ्या हातावर पेढा ठेवलात. सोमवारी पानं शोधलीत. कोणी नेली विचारलंत, तर मी वहीत मान घातली. "ज्याने नेली त्याला उत्तरं मिळाली," तुम्ही म्हणालात, "मला मात्र आता अभ्यास करावा लागणार." आणि खरंच, पुढे दर वेळी तुम्ही सगळे प्रश्न पेन्सिलने सोडवून आणायचात, काही खोडून पुन्हा केलेले. मला ते बघवेना. महिन्याभरात क्लास सोडला, मग मस्कत गाठलं. दुसऱ्याच वर्षी आईने फोनवर सांगितलं, तुम्ही गेलात.

आठ वर्षं इथल्या गोडाऊनमध्ये माल उचलतोय, आता कंबर ऐकत नाही. उद्या सुपरवायझरच्या जागेची परीक्षा आहे, इंग्रजीत. तेच प्रश्न, चारातलं बरोबर कुठलं. आज सुट्टी, सकाळपासून मोठ्याने वाचतोय. खोलीतला सोबती आमच्याच कंपनीच्या ऑफिसात साफसफाई करतो. त्याने विचारलं, "किससे लड़ रहा है भाई?" मी म्हटलं, "टीचर से." तो हसला, कामावर गेला, आणि दुपारी ऑफिसातून त्याने उद्याच्या उत्तरांचा फोटो पाठवला. "रख ले, काम आएगा."

मी मोबाईल उशीखाली सारला आणि सरावाचे तीस प्रश्न पेन्सिलने सोडवले. डबा आठवत आठवत. तेवीस बरोबर आले. पास व्हायला पंचवीस लागतात.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? वहीतच राहील. फोटो अजून उघडलेला नाही, बाई. पण पुसलेलाही नाही.