तिसरी खुर्ची

१ मार्च

सहावी मॅच जिंकलो. मी बसून! बदली गोलकीपरचं काम काय — जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावायची आणि डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसायचं. कोचचा हुकूम. मी त्या खुर्चीवर बसायला लागलो तेव्हापासून टीम जिंकतेय म्हणे. म्हणून खुर्ची बदलायची नाही, चेन उघडायची नाही. आज उकडून जीव गेला.

५ मार्च

टीमची आकडेमोड करणारी मुलगी — आम्ही तिला आकडेवालीच म्हणतो — जेवताना लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. सहा मॅचमध्ये समोरच्यांचे नऊ फटके गोलच्या खांबाला लागून बाहेर गेलेत. "काका, वीतभर आत असते तर चार मॅच हरलो असतो आपण."

मग कोचना सांग की, म्हटलं.

"सांगितलं. म्हणाले, खांबसुद्धा आपल्या बाजूने आहेत."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. फक्त आमच्याकडे कावळा मी आहे.

८ मार्च

सातवी. पुन्हा खांब!

१० मार्च

आज कोचकडे गेलोच. वयाची छत्तीस वर्षं संपली, हा शेवटचा सीझन. लेक आठ वर्षांची झाली आणि तिने मला एकदाही मैदानात पाहिलेलं नाही — ती जन्मली तेव्हापासून मी बदलीच. एक मॅच द्या म्हटलं. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

माणूस सज्जन आहे. खांद्यावर हात ठेवला. "अरे, तू खेळलास तर तिथे बसणार कोण?"

थट्टा नव्हती! घरी सांगितलं तर बायको हसत सुटली. मग माझा चेहरा पाहून ताट वाढायला उठली. वाईट वाटलं, खूप वाटलं.

१५ मार्च

आठवी. लेकीने विचारलं, बाबा, तू तिथे बसून नक्की काय करतोस?

२२ मार्च

आज मुद्दाम पाचव्या खुर्चीवर बसलो. चेन उघडी टाकून. कोचचं लक्ष मैदानाकडे, त्यांना कळलं नाही. विचार साधा होता — आज जिंकलो की खुर्चीचं खूळ संपेल आणि मी मोकळा.

तीन-शून्य हरलो! तिसऱ्या गोलनंतर कोच वळले आणि मी कुठे बसलोय ते त्यांनी पाहिलं. कपडे बदलायच्या खोलीत मसाजवाल्याने टॉवेल हातात न देता बाकावर ठेवला.

आकडेवाली तेवढी आली. "हे कधी ना कधी होणारच होतं काका. तुम्ही घरी बसला असता तरी झालं असतं."

बरोबर आहे, म्हटलं.

२४ मार्च

आकडेवालीकडून तिन्ही गोलचे व्हिडिओ मागून घेतले. तिन्ही वेळा चेंडू खांबाला लागून आत. आपला पहिला गोलकीपर — लंबू — काहीच करू शकला नसता. यात खुर्चीचा काय संबंध? काडीचा नाही. चार वेळा पाहिले.

२८ मार्च

कोचनी बोलावलं. "माझंच चुकलं. खुर्चीबिर्ची सगळा खुळचटपणा. लंबूचं बोट सुजलंय. उद्या तू खेळ."

उद्या शेवटची मॅच. जिंकलो तर चषक! पाय जमिनीवर ठरेनात. सगळ्यांसमोर आरडाओरडा करावासा वाटला. लेकीला एवढंच म्हटलं, उद्या मॅचला यायचं हं. का ते सांगितलं नाही. हातमोजे दोनदा पुसून ठेवलेत.

२९ मार्च

जिंकलो. एक-शून्य. चषक आपला.

रात्रभर डोळ्यांसमोर ते तीन गोल. सकाळी मीच कोचना म्हटलं, लंबूचं बोट टेप लावून चालेल, मी बसतो. तिसऱ्या खुर्चीवर. चेन गळ्यापर्यंत.

गाडीत लेक म्हणाली, "बाबा, तुला का नाही खेळवलं?"

"कोचनी नाही खेळवलं."

"दुष्टच आहेत ते."

हो म्हणालो.