घोडा हसतोय की ओरडतोय

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र टाइप करून पाठवतोय, म्हणजे तुझ्या कंप्युटरमधली बाई ते वाचून दाखवेल आणि तुला शेजारणीची मनधरणी करावी लागणार नाही.

बातमी अशी की मला नोकरी लागली. हसू नकोस. बोटीवरची सुटली, बेकरीतली मीच सोडली (म्हणजे पाव करपले, मागच्या दारात एक मांजर पिल्लं हलवत होतं, तर मी... ते राहू दे). आता मी वस्तुसंग्रहालयात आहे. आपल्याच, लहानपणी तू मला हाताला धरून ओढत न्यायचीस त्या. त्यांची वेबसाइट होतेय आणि मी वस्तूंचे फोटो काढतो. आणि आत्या, तो तीन पायांचा मातीचा घोडा अजून आहे. तू म्हणायचीस तो हसतोय, मी म्हणायचो ओरडतोय. काल त्याच्यासमोर इतका वेळ उभा राहिलो की कॅमेऱ्याची बॅटरी संपली. निकाल कळवू का?

वेबसाइट करणाऱ्याला आम्ही रंगारी म्हणतो. त्याचं पान बघतच राहावं असं आहे. सगळीकडे अंधार आणि मधोमध एकच वस्तू उजेडात. शब्द जवळजवळ नाहीतच; आहेत ते राखाडी, मुंगीएवढे. तो म्हणतो, शब्द आले की लोक वाचत बसतात आणि बघायचं विसरतात. मला पटलं. पान अजून चाचणीचं आहे, पत्ता खाली देतोय.

लोभ आहेच; कमी झाला असेल तर कळव.
तुझा,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

निकाल कळवू नकोस. कळवलास तर पुढची पत्रं न ऐकता पुसून टाकीन. डोळे गेल्यापासून सगळे मला सांगतच असतात. तुझा बाप तर ताटात काय कुठे वाढलंय ते सांगता सांगता ते कसं लागतंय तेही सांगून मोकळा होतो. दोन वर्षं मी फाटकाबाहेर पडले नाही ती उगाच नाही. ज्याचा हात धरावा तो बोलतच सुटतो, आणि मग माझं बघणं त्याच्याच तोंडून होतं. घोडा माझा मला शोधायचाय.

म्हणून तुझ्या पानावर गेले. बाई म्हणाली, चित्र आहे. पुढे गेले तर पुन्हा चित्र. मग एक हातभर लांब आकडा, मग परत चित्र. तेवढ्यात माझी भाजी चिरून झाली असती. रंगाऱ्याला सांग, अंधार मला घरबसल्या मिळतो, त्यासाठी तुमच्याकडे कशाला येऊ? पान कुरूप करा असं मी म्हणत नाही. पण देखण्या माणसाला बोलताही आलं तर कुणाचं काय बिघडतं?

तुझ्या मांजराचं पुढे काय झालं तेही लिही. अर्धवट गोष्टी पाठवायची तुझी खोड काही जात नाही.

सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग, रंगाऱ्यालाही.
तुझी,
आत्या

२२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मांजराने पिल्लं पिठाच्या कोठीत नेली. त्यावरून बेकरीवाल्याचं आणि माझं वाजलं.

तुझं म्हणणं रंगाऱ्याला ऐकवलं. आधी तो फुरंगटला. म्हणाला, इतकी स्वच्छ भिंत आणि त्यावर आता पाट्या ठोकायच्या. मग कळलं की प्रत्येक चित्राच्या मागे शब्द ठेवायला जागा असते. ते कुणाला दिसत नाहीत, फक्त तुझ्या बाईसारख्या बाया ते वाचतात. तो म्हणाला, दिसत नाही तोवर तिथे काय हवं ते लिही. आमच्या मोठ्या बाई (संग्रहालय त्याच चालवतात) म्हणाल्या, महिनाभर बघू, कुणालाच उपयोग नाही झाला तर हे बंद. त्यामुळे लिहितोय. हे काम मला सुटायला नकोय आत्या, आणि असं मला पहिल्यांदाच वाटतंय.

पण लिहायचं कुणासाठी ते सुचेना. शेवटी प्रत्येक वस्तूच्या वर्णनाआधी ‘आत्या’ असं लिहितो आणि सुरू होतो. मग भराभर सुचतं. नंतर ते काढून टाकीन. घोड्याला अख्खा दिवस गेला. आपलं भांडण त्यात आहे, पण निकाल कुठेच नाही, शपथ.

आशीर्वाद असू दे, या वेळी जरा जास्तीचे लागतील.
तुझा,
भिंगरी

४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

वेबसाइट उघडल्याचं कळलं, लगेच गेले. कुणाच्याही मदतीशिवाय, एकटी. पहिल्या दालनातून दुसऱ्यात, मध्येच मागेही फिरले, अगदी पूर्वी फिरायचे तशी.

पण गाढवा, ‘आत्या’ काढायचं विसरलास. बाई अख्ख्या जगाला गंभीर आवाजात ऐकवतेय की आत्या, ही सुरई म्हणजे तुझी मोठी नणंद, मान ताठ, हात कमरेवर आणि पोटात काही ठरत नाही. मला हसून हसून ठसका लागला. ती नणंद अजून आहे, आणि तिच्या सुनेकडे कंप्युटरही आहे. ताबडतोब काढ. घोड्याच्या दालनात मुद्दाम गेले नाहीये, तो पुरवून ठेवलाय.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी,
आत्या

१३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून धावत सुटलो (वाटेत एक माणूस दोरीने पियानो खिडकीतून वर चढवत होता, तिथे थोडा थांबलो), पण उशीर झाला होता. इथे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, दिसतंय कुठे कुणाला. पण ज्यांना दिसत नाही त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि पत्रं पाठवली होती. एका निवृत्त वकिलांनी विचारलंय की नणंदबाईंना हे माहीत आहे का. एका मुलीला विचारायचंय की घोड्याच्या बाबतीत आत्याचं खरं की भाच्याचं.

मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. वाटलं, झालं, गेली ही पण. कंप्युटरला नाक लावून त्यांनी पान वाचायला घेतलं, आणि जरा वेळाने कबूल केलं की रंगाऱ्याची राखाडी अक्षरं त्यांना पहिल्यापासूनच लागत नव्हती, उगाच मान डोलवत होत्या. रंगारी कानापर्यंत लाल. मग माझं छापून आणलेलं लिखाण त्यांनी मोठ्याने वाचलं. घोड्याचं ऐकून रंगारी उठून तडक खाली गेला, परत आला आणि म्हणाला, घोडा जांभई देतोय. त्याच्याशी माझं अजून मिटलेलं नाही.

आता अंधार आहे तसाच आहे, पण अक्षरं पांढरी आणि चांगली ठसठशीत झालीत. प्रत्येक चित्राखाली बटण आहे. दाबलं की माझे शब्द डोळसांनाही दिसतात. रंगारी कुरकुरत म्हणतो की पान आधीपेक्षा बरं दिसतंय. नणंद काढली. ‘आत्या’ही सगळीकडून काढली, फक्त घोड्यापाशी राहू द्या असा मोठ्या बाईंचा हुकूम आहे. आणि मीही राहतोय.

आता तरी जा त्याच्याकडे.
तुझा,
भिंगरी

१९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गेले. किती वेळा ऐकलं ते विचारू नकोस. ओठ मागे ओढलेले, वरचे दात मोकळे, खालचे मातीत बुजलेले, मान वळलेली, आणि कान पाठीमागे चिकटलेले. कान, भिंगरी. डोळे होते तेव्हा मी इतक्यांदा त्याच्यासमोर उभी राहिले आणि तोंडावरून माझी नजर कधी हललीच नाही. असे कान पाडलेला घोडा हसत असेल का, याची आता मला शंका येतेय. तुझं खरं असं मात्र मी म्हटलेलं नाही.

कारण तू एक गोष्ट लिहिली नाहीस. मान वळली आहे ती कुठे? मोडलेल्या पायाकडे की दाराकडे? पायाकडे असेल तर तुझं खरं. दाराकडे असेल तर कुणीतरी येतंय, आणि मग कानांचं काहीही असो, माझं खरं. हे पत्राने कळवू नकोस. मला त्याच्यापुढे नेऊन उभी कर, आणि मी विचारीन तेवढंच बोल.

रविवारी दहाला ये. म्हणजे तू बारापर्यंत उगवशील. मी साडेअकराला चपला घालून फाटकाबाहेर उभी राहते.

तुझी,
आत्या