मेथी निवडताना तू सांगितलं होतंस

आई, परवा माझी बायपास आहे. घाबरू नकोस, इथेच नेरूळला आहे, घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तुला जाऊन बावीस वर्षं झाली तरी हात सवयीने तेच लिहितो. काल भूल देणाऱ्या डॉक्टर भेटल्या, तुझ्या नातीच्याच वयाच्या. खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "काका, सगळं नीट होणार असंच धरून चाललोय. पण काही उलटं झालं, शुद्धीवर यायची आशाच उरली नाही, तर मशीनवर ठेवलेलं तुम्हाला चालेल का?" मी तोंड उघडतोय तोच तुझी नात म्हणाली, "बाबा, प्लीज. शुभ बोला."

तुझ्या ऑपरेशनचा आदला दिवस. तू स्वयंपाकघरात पेपर पसरून मेथी निवडत बसली आहेस, कारण दवाखान्यात गेल्यावर आमच्या भाजीचं कसं होणार. मान वर न करता म्हणतेस, "उद्या काय कमीजास्त झालं तर मला नळ्यांत अडकवून ठिवू नगंस. सरळ घरी आन." आणि मी, तळोज्याच्या कंपनीतला शिकलासवरलेला सुपरवायझर, तुझ्यावर खेकसतो, "शुभ बोल गं जरा." तू देठं पेपरात गुंडाळलीस आणि उठलीस. पुढे अकरा दिवस तू मशीनवर होतीस. नळी ओढशील म्हणून हात बांधले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आई याबद्दल कधी काही बोलल्या होत्या?" मी नाही म्हणालो. मला तू हवी होतीस. ते अकरा दिवस मी माझ्यासाठी मागून घेतले आणि भोगलेस तू.

काल मात्र मी पोरीचा हात धरला आणि सांगून टाकलं, आशा असेल तोवर सगळं करा, नसेल तर अडकवून ठेवू नका. डॉक्टरांनी लिहून घेतलं. पोर रडली, पण तिने ऐकलं. येताना रिक्षात म्हणाली, "आजीला असं कोणी विचारलंच नसेल ना? नाहीतर तिनेही सांगितलं असतं." मी बाहेर बघत म्हणालो, "नाही गं, तेव्हा कोण विचारतंय."

आज सकाळी हा कागद घेतला तो तिला खरं काय ते लिहायला. पण सुरुवात करायला गेलो आणि 'आई' लिहिलं गेलं. तुला सगळं आधीच ठाऊक आहे, म्हणून सोपं गेलं.