दुसऱ्या कलमातील मोकळी जागा

मृत्युपत्र लिहून ठेवणार केशव रामराव पाठक, वय वर्षे सहासष्ट, पूर्वी शाळामास्तर, हल्ली पेन्शनर, मूळ राहणार पिंपळगाव राजा, सध्या मुक्काम मोताळा, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा, मध्यप्रांत व वऱ्हाड.

माझे डोके ठिकाणावर आहे. मन ठिकाणावर नाही, परंतु कायदा मनाची चौकशी करीत नाही, असे मलकापूरचे वकील सांगतात. कोणी मला भरीस घातलेले नाही व कोणाची भीड नाही. हा कागद मी तिसऱ्यांदा लिहीत आहे. आधीचे दोन बंबात गेले. दोन्ही वेळा दुसऱ्या कलमाशी अडलो, उठलो, अंगणात येरझाऱ्या घातल्या आणि परत येऊन कागद फाडला. या वेळी फाडणार नाही.

कलम १. माझी पत्नी विमलबाई हिने राहत्या घरात तहहयात राहावे. मागील खोली, तांब्याची सर्व भांडी व तुळशीजवळची विहीर तिच्या ताब्यात राहील. तिला कोणी 'जरा सरका' असेही म्हणू नये. लग्न होऊन बेचाळीस वर्षे झाली, पण तिचे नाव कागदावर लिहिण्याची वेळ याच कामी पहिल्यांदा आली. आमच्यात नाव घेण्याची रीत नाही. 'अहो' आणि 'ऐकलं का' यावर संसार झाला. विमल हे नावही आमच्या घरचे, ताटातल्या तांदळांत माझ्या बोटाने लिहिलेले. माहेरी ती गोजर होती. सकाळी विचारले, कागदात कोणते लिहू? म्हणाली, "आता विचारता? दोन्ही लिहा." म्हणून दोन्ही लिहिली आहेत.

कलम २. मोताळा येथील टिनाचे राहते घर, अंगण व मागील परसू, हे सर्व माझा नातू, नाव ........................ , यास द्यावे. तो आज अकरा दिवसांचा आहे. बारसे उद्या आहे. वकील म्हणतात, 'अनंताचा मुलगा' एवढे लिहिले तरी पुरते. मला पुरत नाही. तीस वर्षे मी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नावे लिहिली. नाव नसलेल्या माणसाला घर देण्यास माझा हात धजत नाही.

कलम ३. पिंपळगाव राजा येथील सहा एकर शेत मुलगा अनंत याने घ्यावे. तो तहसिलीत कारकून आहे. शेतात जाणार नाही हे मला माहीत आहे, पण निदान बांध तरी पाहून यावा. अनंत म्हणजे ज्याला अंत नाही असा. त्याच्या पत्रांनाही नसतो, आणि शेवटी नव्या बुटांच्या पैशांचा विषय असतो.

कलम ४. माझी शिसवी काठी चुलतभाऊ हिंमतराव याला द्यावी. बांधाच्या भांडणात त्याने साक्ष देतो म्हणून शब्द दिला आणि त्या दिवशी पोट दुखले म्हणून घरी निजला. बापाने नाव मोठ्या आशेने ठेवले होते. काठी कुत्र्यांसाठी आहे. माणसांपुढे ती त्याच्या हातून उचलली जाणार नाही.

कलम ५. माझी नावांची वही सून शकुंतला हिला द्यावी. ही वही मी एकोणीस वर्षे लिहीत आहे. घरात सगळे तिला माझे वेड म्हणतात, आणि ते खरेही आहे. दर रविवारी मी मलकापूरच्या स्टेशनावर जाऊन बसत असे व येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचे नाव आणि त्याचा अर्थ विचारीत असे. गार्ड थॉमस म्हणाला, थॉमस म्हणजे जुळा. तो एकटाच जन्मला होता व याचे त्याला हसू येई. कापसाच्या जिनचे मॅनेजर खुर्शेदजी, त्यांचे नाव म्हणजे सूर्य. उर्दू शाळेचे मुनशी याकूब अली यांनी सांगितले की याकूब म्हणजे टाच धरून आलेला, आणि गोऱ्या साहेबांतला जेम्स तो हाच. पाद्रीणबाईंनी त्याच याकूबाची गोष्ट सांगितली. त्याची बायको बाळंतपणात गेली. जाता जाता तिने मुलाचे नाव ठेवले 'माझ्या दुःखाचा पोर'. बापाने ते लगेच बदलून 'उजव्या हाताचा' असे केले. मी बाईंना विचारले, मग तो पोरगा जगला का? बाई म्हणाल्या, चांगला जगला, नातवंडे पाहिली. त्या दिवशी मी स्टेशनावरून घरापर्यंत पायी आलो, गाडीसाठी थांबलो नाही.

मी असा का विचारीत फिरलो, हे कोणालाच सांगितले नव्हते. ते आता सांगतो.

कलम ६. हे कलम मिळकतीचे नाही, कबुलीचे आहे. सन १९१७ च्या जून महिन्यात कडूबा इंगळे आपल्या सहा वर्षांच्या मुलाला शाळेत घालण्यास घेऊन आला. मी नाव विचारले.

"उकर्डा," कडूबा म्हणाला.

"हे काय माणसाचं नाव आहे?"

"चार गेले, मास्तर. ह्याले मायनं उकर्ड्यावर ठेवला अन् शेजारनीनं सूपभर कोंड्यात इकत घेतला. मंग वाचला."

हा रिवाज मला ठाऊक नव्हता असे नाही. मूल जगत नसेल तर नव्या मुलाला घाणेरडे नाव द्यायचे, म्हणजे मरण नाक मुरडून पुढच्या दाराला जाते. कडूबा स्वतः त्यातलाच, कडू म्हणून थुंकून टाकलेला. मी शिकलेला माणूस. मी हसलो, आणि रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहिले : उदयभान कडूबा इंगळे. उदयभान म्हणजे उगवता सूर्य. कडूबा म्हणाला, "तुमी शिकेल मानूस. लिहा." पोराला नाव फार आवडले. घरी आईने जुन्या नावाने हाक मारली तर ओ देईना.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तापाची साथ आली. दीड दिवसात तो गेला. त्या साथीत रामही गेले आणि दगडूही गेले, हे मी मनाला हजार वेळा सांगितले आहे. शाळा उघडली त्या दिवशी त्याची आई अंबूबाई आली. दाराबाहेर उभी राहिली, रडली नाही.

"मास्तर, माह्या पोराचं नाव काऊन बदललं? मी मरनाले फसवून ठेवलं होतं. तुमी त्याले पत्ता लिहून देल्ला. आता ते पुसा अन् माह्यं लिहा."

मी तिला म्हणालो, रजिस्टरात खाडाखोड करता येत नाही. नियम तसा आहे. हे मी बोललो. ज्याने एका पोराचे नाव एका फटक्यात बदलले, त्याला आईच्या सांगण्यावरून ते परत लिहिता आले नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आठवडी बाजारात समोर आली तर रस्ता ओलांडून जाई.

म्हणून ती वही. मला एकच पुरावा हवा होता, की कुठेतरी, कोणत्यातरी मुलुखात माणसे मरणाला नावाने फसवत नसतील. सापडला नाही. मुनशींच्या वस्तीत 'घसीटा' निघाला, जन्मल्यावर सुपात घालून फरफटवलेला. स्टेशनावर रुळांवर काम करणारा उत्तरेकडचा एक खलाशी होता, नाव घूरे. मी अर्थ विचारला तर म्हणाला, जिथे कचरा टाकतात ती जागा. तो पन्नाशीचा होता व ठणठणीत होता. आणि दुसरीकडे सूर्याचे नाव लावून खुर्शेदजीही ऐंशीचे झाले. वहीत दोन्ही बाजूंना नावे भरत गेली आणि मला उत्तर मिळाले नाही.

आता जे मोताळ्यात कोणालाच ठाऊक नाही ते. या कागदाच्या आरंभी लिहिलेले नाव माझे पाळण्यातले नाव नव्हे. माझ्या आधी तीन भावंडे गेली. आईने मला केरात ठेवले आणि नाव ठेवले केरू. अठराव्या वर्षी अकोल्यास परीक्षेला गेलो तेव्हा सोबतची मुले हसली, म्हणून फॉर्मावर केशव लिहिले. उकर्ड्याला पाहून मला तेच हसणे ऐकू आले. त्याला त्यातून वाचवावे असे वाटले. माझ्या मनात वाईट नव्हते, एवढेच मी म्हणू शकतो. पण मी अठरा वर्षे केराच्या आडोशाला जगून मग नाव बदलले, आणि त्याला सात वर्षेसुद्धा दिली नाहीत.

कलम ७. अनंताची पहिली दोन्ही मुले गेली. मुलाचे नाव मी चिरंजीव ठेवले होते, तो सतरा दिवस होता. मुलगी चारुलता नऊ महिन्यांची गेली. या खेपेस शकुंतलेने मला नाव विचारले नाही. तिने परस्पर अंबूबाईला निरोप धाडला, की माझं मूल उकिरड्यावरून तुम्ही उचला. मला कळले तेव्हा मी म्हणालो, या घरात असले प्रकार होणार नाहीत. सून म्हणाली, "मामंजी, तुमचे अर्थ फार चांगले असतात. माझी मुलं राहत नाहीत." दहा दिवस मी या वाक्याशी भांडलो.

इथवर लिहिले तोच अंबूबाई दारात आली. केस पांढरे झाले आहेत. म्हणाली, "तुमची सून बलावते. तुमी नाही म्हनत असान तर मले आल्या पावली जाऊ द्या." मी बाजूला झालो. परसातल्या उकिरड्यावर शकुंतलेने बाळाला जुनेरावर ठेवले, अंबूबाईने सूपभर कोंडा देऊन उचलले. नाव ठेवण्याचा मान विकत घेणारीचा. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमीच ठेवा. लिहिनारे तुमीच हा."

मला एकच नाव ठेवायचे होते आणि ते माझे नव्हते. मी ते तिच्याजवळ मागितले. तिने जुनेराचे टोक बाळाच्या अंगावर ओढले.

"घ्या," ती म्हणाली. "शाळेत तुमी ते वापरूच देल्लं नाही. कोरंच हाय."

सबब, दुसऱ्या कलमातील मोकळ्या जागी उकर्डा अनंत पाठक असे वाचावे. तो मोठा झाल्यावर स्वतः बदलील तर त्याची खुशी. तोवर कोणत्याही शाळेतील कोणत्याही मास्तराने, कितीही सुवाच्य अक्षरात, त्यात सुधारणा करू नये. तसेच सन १९१७ साली मी ज्याला उदयभान लिहिले त्या मुलाचे नाव उकर्डा कडूबा इंगळे होते, असे मी येथे लिहून देतो. अंबूबाईस या कागदाने काही ठेवलेले नाही. तिला देण्याजोगे माझ्याजवळ काही नाही.

मुक्काम मोताळा, ता. १७ जानेवारी १९३८.

सही : केरू रामराव पाठक, उर्फ केशव.

साक्ष :
१. याकूब अली वल्द करीम अली, मुनशी, मलकापूर, दस्तुरखुद्द.
२. अंबूबाई भ्रतार कडूबा इंगळे, मोताळा, निशाणी अंगठा.

अंगठ्याशेजारचे नाव माझ्या हातचे आहे. लिहिण्यापूर्वी मी तिला विचारले, काय लिहू? ती म्हणाली, "जे हाय तेच लिहा."